पल्ला आणि नेम

उपयोजित मराठीच्या तासाला अनुवादासाठी कोणता उतारा द्यावा, हा आमच्यापुढचा दरवर्षीचा प्रश्न. बँकांची पत्रके आणि शासकीय परिपत्रके देऊन विद्यार्थ्यांइतकेच आम्हीही कंटाळलो होतो. म्हणून यंदा गोंदियातील आमच्या वर्गापुढे गोल्फचा फटका कसा सुधारावा याविषयीचा एक इंग्रजी उतारा ठेवला. 'स्विंग'साठी कुणी 'झोका' लिहिले, कुणी 'झुलणे', तर एकाने 'दोलन'. शब्दकोशाच्या दृष्टीने तिन्ही बरोबर. पण तिन्हींत चेंडू जागचा हलत नव्हता.

यावरून मराठीत शब्दच नाहीत असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि आमच्या मते चुकीचे आहे. फटक्याकडून दोनच गोष्टी अपेक्षित असतात : पल्ला आणि नेम. विटीदांडू खेळलेल्या माणसाला हे दोन्ही शब्द शिकवावे लागत नाहीत. विटी कोलणे वेगळे आणि टोला मारणे वेगळे, हेही त्याचा हात जाणतो. या खेळातल्या वकट, लेंड, मूंड, नाल या संज्ञा तर तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या अंकांशी नाते सांगतात. तेव्हा 'गोल्फ' किंवा 'ग्रिप' तसेच ठेवले तर भाषा बाटेल, या भीतीत फारसा अर्थ नाही. अडचण नामांची नाही, क्रियापदांची आहे.

उदाहरणार्थ, पल्ला जोर लावून वाढत नाही. काठी खाली येताना आधी कंबर वळते, मग खांदे, मग हात आणि सर्वांत शेवटी काठी. हा क्रम बिघडला की दंडातली सारी ताकद वाया जाते. मूठ आवळली तर मनगट अडते आणि वेग मरतो. शिवाय चेंडू काठीच्या तोंडाच्या मधोमध लागला नाही, तर वेग असूनही तो दूर जात नाही. हे समजावताना वर्गात 'शक्तीचे अनुक्रमिक संक्रमण' अशी एक भयंकर रचना तयार झाली होती. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, लाकूड फोडताना कुऱ्हाड दाबत नाहीत, तिचं वजन पडू देतात." उताऱ्याचा निम्मा अनुवाद तिथेच झाला.

नेमाबाबत मात्र जुनी समजूत सोडावी लागते. काठी ज्या दिशेने फिरते त्या दिशेने चेंडू सुटतो, असे पूर्वी सर्रास शिकवत. रडारवर चालणाऱ्या मापन-उपकरणांनी दाखवले की, आघाताच्या क्षणी काठीचे तोंड जिकडे असते, मुख्यत्वे तिकडे चेंडू निघतो. तोंड आणि मार्ग यांत फरक असेल तर तो पुढे वळतो. विटीदांडूचा दाखलाही इथे अपुरा पडतो, हे मान्य केले पाहिजे. विटी आपण आधी उडवतो आणि मग टोला देतो. गोल्फचा चेंडू निश्चल असतो आणि त्याला मुद्दाम उचलायला गेले की फटका फसतो. लोखंडी काठीने किंचित खाली मारायचे असते. चेंडू वर नेण्याचे काम तोंडाचा उतार करतो.

आमच्यातल्या एका सहकाऱ्याचा आक्षेप असा की, धानाच्या या मुलखात श्रीमंतांच्या खेळाचे हे कौतुक कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. पण प्रश्न गोल्फचा नसून शरीराला ठाऊक असलेले ज्ञान गद्यात उतरवण्याचा आहे. बेन होगनचे 'फाइव्ह लेसन्स' हे पुस्तक 1957 साली आले, त्यामागे खेळाडूबरोबर हर्बर्ट वॉरन विंड हा लेखक आणि अँथनी राविएली हा चित्रकार होता. एका फटक्याच्या वर्णनासाठी तिघे झटले. आपल्याकडे कबड्डी-खोखोच्या प्रशिक्षकाशेजारी मराठीचा प्राध्यापक किती वेळा बसला? आम्ही तरी बसलो नाही. कवितेतील एका प्रतिमेवर तास-तास बोलणाऱ्या आम्हाला पायावरचा भार दुसऱ्या पायावर कसा जातो, हे चार वाक्यांत सांगता येत नव्हते.

उताऱ्यातला एक शब्द अजून अडलेला आहे : 'टेम्पो'. 'लय' असा पर्याय आमचा. मुलांचे बहुमत 'ठेका'कडे आहे. 'फॉलो-थ्रू'चे मात्र एकमताने ठरले : 'टोल्यानंतर हात अडवू नये, फिरू द्यावा.'