पिक्शनरी : चित्र नव्हे, खूण

'पिक्शनरी' हा चित्रकलेचा खेळ आहे, असा एक सार्वत्रिक समज आढळतो. 'मला चित्र काढता येत नाही बुवा' असे म्हणून घरातली वडीलधारी मंडळी बाजूला बसतात, ती त्यामुळेच. हा समज मुळातूनच तपासायला हवा, असे आम्हांस वाटते.

सिएटलच्या रॉब एंजेल यांनी १९८५ साली हा खेळ बाजारात आणला. २००१ मध्ये तो 'मॅटेल'कडे गेला. नियम मोजके आहेत. कार्डावरचा शब्द एकाने रेखाटायचा आणि वाळूचे घड्याळ रिकामे होण्याआधी त्याच्या गड्यांनी तो ओळखायचा. बोलायचे नाही, हातवारे करायचे नाहीत, अक्षर वा आकडा काढायचा नाही. या मनाईमुळे भाषा खेळाबाहेर गेल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात डावाची सुरुवात शब्दाने होते आणि शेवटही शब्दानेच. चित्र हा मधला साकव.

म्हणूनच ज्याचा हात चांगला तो इथे पुष्कळदा हरतो. दोन्ही संघांनी एकाच वेळी रेखाटायच्या डावात तो मांजराच्या अंगावरची लव काढत बसतो. तोवर समोरच्यांनी एक वर्तुळ, दोन त्रिकोणी कान आणि चार मिशा एवढ्यावर डाव जिंकलेला असतो. कलेतिहासकार अर्न्स्ट गॉम्ब्रिख यांनी 'आर्ट अँड इल्यूजन' (१९६०) या ग्रंथात चित्र पुरे करण्यातल्या प्रेक्षकाच्या वाट्यावर भर दिला होता. पिक्शनरीत हा वाटा चित्रकाराच्या वाट्याहून मोठा ठरतो.

मग ही खूण येते कुठून? 'घर' म्हटले की सदनिकेत वाढलेले मूलही उतरते छप्पर काढते, क्वचित धुराडेसुद्धा. तसे घर त्याने पाहिलेले असतेच असे नाही. पण शाळेच्या वहीतून आलेली ती खूण सर्वांची सामाईक आहे, म्हणून ओळखली जाते. याउलट आजोबांनी 'जाते' काढले, म्हणजे बुटके गोल आणि वर खुंटा, तर नातवंडे 'मेणबत्ती लावलेला केक' म्हणून ओरडण्याचा संभव अधिक. हशा पिकेल. पण रेखाटन चुकलेले नाही; आजोबांची खूण नातवंडांपर्यंत पोचलेली नाही, इतकेच.

'गूगल'च्या 'क्विक, ड्रॉ!' या २०१६ सालच्या प्रयोगात यंत्रही रेखाटने ओळखू लागले. लक्षावधी लोकांच्या रेघांवरून ते शिकते. तेव्हा जे पुष्कळांनी काढले तेच त्याला ओळखू येणार. घरच्या बैठकीत मात्र न ओळखलेल्या रेघेनंतर 'म्हणजे काय हो आजोबा?' असा प्रश्न येऊ शकतो. तो आला तर डाव हरल्याचे दुःख नको.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. संघ पाडताना सगळी मुले एकीकडे आणि सगळे मोठे दुसरीकडे असे करू नये. प्रत्येक संघात दोन्ही पिढ्या असाव्यात. छापील कार्डांबरोबर घरच्यांनी लिहिलेल्या मराठी शब्दांच्या चिठ्ठ्याही असाव्यात : पाटा-वरवंटा, उंबरठा, रुसवा, तसेच नातवंडांच्या रोजच्या वापरातलेही शब्द. कारण आजोबांनाही काही 'केक' ओळखायला शिकावे लागतील.