थेंब लहान, तरी औषधच

पावसाळ्यात शाळेच्या हजेरीपटावर सगळ्यात आधी दिसतात ते डोळे आल्याचे परिणाम. एका बाकावरचे एक मूल लाल डोळे घेऊन येते आणि आठवड्याभरात वर्गातली बरीच बाके रिकामी होतात. २०२३ च्या जुलैत आळंदीच्या शाळकरी मुलांमध्ये दिसलेली साथ बघता बघता महाराष्ट्रभर पसरली आणि लाखाहून अधिक लोकांचे डोळे आले. त्या दिवसांत अनेक घरांत एकच प्रकार घडला. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक ड्रॉप्स आणले गेले आणि एकाच बाटलीतून घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत घातले गेले.

ती साथ विषाणूंची होती. अँटिबायोटिक जीवाणूंवर चालते, विषाणूंवर त्याचा काही उपयोग होत नाही. विषाणूंमुळे आलेले डोळे स्वच्छता ठेवली तर बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. घट्ट पिवळा पू येत असेल, सकाळी पापण्या चिकटत असतील, तर जीवाणूंचा संसर्ग असू शकतो. पण तो ठरवायचा डॉक्टरांनी. अशा ड्रॉप्सवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, अशी सूचना छापलेली असते ती याचसाठी.

डॉक्टरांनी ड्रॉप्स दिले, तरी एक प्रश्न उरतो आणि तो फारसा कोणी विचारत नाही. घरातली इतर औषधे चालू असताना हे ड्रॉप्स कसे घालायचे?

डोळ्यातला थेंब जातो कुठे?

डोळ्यांत औषध घातल्यावर थोड्या वेळाने घशाशी कडू चव येते, हा अनुभव बहुतेकांना असेल. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक नळी असते. अश्रू त्या नळीतून नाकात उतरतात, म्हणून तर रडताना नाक वाहते. औषधही त्याच वाटेने जाते. नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेतून त्याचा काही भाग रक्तात मिसळतो. म्हणजे डोळ्यात घातलेले औषध फक्त डोळ्यात राहत नाही.

यावर उपाय सोपा आहे. हात धुवावेत. खालची पापणी हलकेच ओढून त्या खळग्यात एकच थेंब टाकावा, बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे हलका दाबून ठेवावा. औषध डोळ्यात टिकते आणि घशात कमी उतरते. दोन-तीन थेंब घातल्याने जास्त फायदा होत नाही. डोळ्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, बाकीचे गालावरून ओघळते.

दोन बाटल्या असतील तर

घरातल्या वडीलधाऱ्यांना काचबिंदूचे ड्रॉप्स आधीपासून चालू असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर दोन-तीन बाटल्या एकदमच मिळतात. अशा वेळी एकावर एक थेंब घातले, तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. म्हणून दोन औषधांमध्ये निदान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. पातळ ड्रॉप्स आधी घालावेत. हलवून घालायचे दाट ड्रॉप्स त्यानंतर, आणि मलम सगळ्यात शेवटी. मलम आधी लावले तर त्याचा थर बसतो आणि वरून घातलेला थेंब आत पोचत नाही. डॉक्टरांनी वेगळा क्रम सांगितला असेल तर अर्थात तोच पाळावा.

अँटिबायोटिक सुरू झाले म्हणून काचबिंदूचे ड्रॉप्स स्वतःहून बंद करू नयेत. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. ‘औषधावर औषध नको’ म्हणून काही आजी-आजोबा गोळ्या सोडून देतात. डोळ्याच्या अँटिबायोटिकचा रक्तात जाणारा भाग फार थोडा असतो, त्यासाठी रोजच्या गोळ्या सोडण्याची सहसा गरज पडत नाही. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे, गोळी मात्र चुकवू नये.

काही बाबतींत खरोखर जपायला हवे. टिमोलॉल हे काचबिंदूचे औषध दमा असलेल्या माणसाचा श्वास कोंडू शकते. रक्तदाबासाठी अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर ते नाडी जास्तच मंद करू शकते. सल्फाच्या औषधाने कधी अंगावर पुरळ उठले असेल, तर सल्फा असलेले ड्रॉप्स टाळावे लागतात. रक्ताचा एखादा आजार असेल, तर क्लोरॅम्फेनिकॉलचे ड्रॉप्स किंवा मलम घेण्याआधी डॉक्टरांना तसे सांगायला हवे. गरोदर आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी तर न सांगता काहीच घेऊ नये.

कपाटातली उरलेली बाटली

सगळ्यात मोठा धोका घरातल्या कपाटातच असतो. दादीमाँच्या ऑपरेशननंतर दिलेली एखादी बाटली अर्धी उरते. तिच्यात बऱ्याचदा अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइडही असते. ऑपरेशननंतर सूज उतरावी म्हणून डॉक्टर ते देतात आणि हळूहळू कमी करत नेतात. त्या वेळी ते योग्यच असते. पण तीच बाटली दुसऱ्याच्या डोळ्यात गेली तर?

आटपाडी तालुका डाळिंबाचा. डाळिंबाच्या फांदीला काटे असतात. छाटणी करताना किंवा फळ तोडताना काटा डोळ्याला लागतो, डोळा लाल होतो, आणि कोणीतरी कपाटातली बाटली काढून देते. स्टेरॉइडमुळे लाली उतरते, दुखणेही कमी वाटते. माणूस पुन्हा बागेत जातो. पण काट्यातून किंवा पाल्यातून बुबुळावर बुरशी गेली असेल, तर अँटिबायोटिक तिला मारत नाही, आणि स्टेरॉइड डोळ्याची लढण्याची ताकदच कमी करते. बुरशी आतल्या आत वाढत राहते. बुबुळावर पांढरा ठिपका दिसेपर्यंत बरेच दिवस हातचे गेलेले असतात. पुढे फूल पडून नजर कायमची जाऊ शकते. उसाचे पाते किंवा कडब्याचे धसकट लागले तरी हाच धोका.

म्हणून डोळ्याला झाडाचे काहीही लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ग्रामीण रुग्णालयात दाखवावे आणि पुढे पाठवले तर सांगली-मिरजेला जायला उशीर करू नये. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण डोळा वाचेल.

ड्रॉप्सची बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहावी. बहुतेक ड्रॉप्स उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात, बाटलीवर छापलेली मुदत कितीही लांबची असो. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये, सख्ख्या भावंडांनीही नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून मध्येच थांबू नये, आणि महिनाभर ओढतही नेऊ नये.

डोळा बरा होईपर्यंत सुरमा आणि काजळ बंद ठेवावे. सुरम्याची एकच सलाई घरभर फिरली, तर संसर्गही घरभर फिरतो. शिवाय बाजारातल्या काही सुरम्यांत शिसे सापडले आहे, मुलांसाठी ते घातकच. मध, दूध किंवा घरी आणलेले गुलाबपाणी दुखऱ्या डोळ्यात घालू नये. ते निर्जंतुक नसते आणि औषधालाही धुऊन नेते.

वुजू, नमाज आणि रोजा

थेंब घालून लगेच वुजू केला, तर तोंड धुताना औषध निघून जाते. म्हणून आधी वुजू, मग नमाज, मग निवांत बसून थेंब, असा क्रम ठेवावा. दिवसातून चार वेळा सांगितले असेल तर फजर, जोहर, असर आणि इशा या वेळा लक्षात राहायला सोप्या. मशिदीतला सामाईक टॉवेल डोळे आलेल्याने वापरू नये, आपला रुमाल सोबत न्यावा. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावू नका असे सांगितले असेल, तर वुजूचे काय करायचे ते इमाम साहेबांना विचारून घ्यावे. सवलत दीनमध्ये आहेच.

रमजानमध्ये काही जण रोजा तुटेल या भीतीने दिवसभर ड्रॉप्स घालत नाहीत, आणि संसर्ग वाढतो. हनफी उलमांच्या मते डोळ्यात थेंब घातल्याने रोजा तुटत नाही, घशात चव जाणवली तरीही. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनेही १९९७ च्या ठरावात डोळ्यांचे ड्रॉप्स रोजा तोडणाऱ्या गोष्टींत धरलेले नाहीत. घशात उतरलेले मात्र गिळू नये, असे तिने म्हटले आहे. कोपरा दाबून ठेवण्याची सवय इथेही कामी येते. तरी मनात शंका राहिलीच, तर आपल्या आलिमांना विचारावे. आपल्या मनाने औषध बंद करू नये.

डॉक्टरांकडे जाताना

एका पिशवीत घरातली चालू असलेली सगळी औषधे घालून न्यावीत. गोळ्या, ड्रॉप्स, दम्याचा पंप, हकीम साहेबांचे औषध, सुरमासुद्धा. चार गोष्टी न विचारताच सांगाव्यात: कोणते आजार आहेत, कशाची ॲलर्जी आहे, डोळ्याला काही लागले होते का, आणि आधी कोणते ड्रॉप्स घातले. डोळा खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा बुबुळावर पांढरे दिसत असेल, तर घरचा कोणताही थेंब न घालता सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

नजर ही अल्लाहची अमानत आहे. हे पान वाचून झाले की उठून एकदा घरातले औषधाचे कपाट उघडावे आणि जुन्या बाटल्या आजच काढून टाकाव्यात. अल्लाह आपल्या सर्वांच्या डोळ्यांची हिफाजत करो, आमीन.