आमच्या मुलांनी शास्त्र का शिकू नये?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

शास्त्र हा शब्द कानी पडला की आमच्या घरच्या म्हाताऱ्यांना अजून पंचांग आणि मुहूर्त आठवतो. त्या शास्त्राविषयी आज लिहावयाचे नाही. पाणी कशाने खारट झाले, माती का उतरली, लोखंड कशाने कडक होते, हे जे शास्त्र सांगते त्या पदार्थविज्ञान व रसायन यांविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. ही शास्त्रे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कॉलेजांत शिकवितात आणि पदवी सरकारी विद्यापीठाची मिळते. असे असून मुलगा बी. एस्सी. ला गेला की शेजारी विचारतात, "काय, नंबर नाही लागला वाटते?" जणू पोराच्या हातून काही पातकच घडले!

बारावीला सायन्स घेतले म्हणजे डॉक्टर, नाही तर इंजिनियर, एवढेच आम्हांस ठाऊक. मग शिकवणीसाठी लातूर गाठा, नाही तर थेट कोटा. पहिल्या वर्षी फीपायी सोयाबीन जाते, दुसऱ्या वर्षी आईच्या गळ्यातील पोत जाते, आणि शेवटी एखादे एकर गहाण पडते. आता हिशेब पाहा. 2024 साली नीट परीक्षेला देशात 23 लाखांवर मुले बसली आणि एम. बी. बी. एस. च्या जागा होत्या सुमारे 1 लाख 10 हजार. म्हणजे वीस-एकवीस मुलांत एक. त्यातही खासगी कॉलेजची फी आमच्या आवाक्याबाहेरची. बाकीच्या वीस घरांनी काय करावे? ज्या पेरणीत एकवीस दाण्यांतून एकच उगवतो, ती पेरणी कर्ज काढून करणाऱ्या शेतकऱ्यास आपण शहाणा म्हणू काय?

बरे, शास्त्राचा आणि आपला संबंध नाही म्हणावे, तर लोणार कोणाच्या जिल्ह्यात आहे? लवणासुराची कथा आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या सरोवराची नोंद केली. पुढे दीडशे वर्षे तो ज्वालामुखीचा खळगा की उल्केचा, हा वाद चालला. 1973 साली तेथील खडक तपासून तो उल्केच्या आघाताने झाल्याचे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा, काळ्या पाषाणात पडलेला असा खळगा जगात दुर्मिळ. चंद्र-मंगळावरील खळगे समजावेत म्हणून विद्वान आमच्या अंगणात येतात. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याचे कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शोधले: अतिखारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव. पाणी आमचे आणि उत्तर पुण्याचे! मेहकर-लोणारच्या पोराने वाट दाखवायची आणि दगड दुसऱ्याने वाचायचा, हे किती दिवस चालावे?

लोणार राहू द्या, पिण्याच्या पाण्याचे पाहा. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आपणांस ठाऊकच आहे. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे मूत्रपिंडाच्या दुखण्याची ओरड जुनी आहे. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुळापासून गळू लागले. बायाबापड्यांनी लाजेने तोंडे झाकली. बाहेरचे लोक सोयरीक करण्यास कचरू लागले. दिल्लीहून तज्ज्ञांचे पथक आले, नमुने जिल्ह्याबाहेर गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. अशा वेळी गावातलीच एखादी रसायन शिकलेली लेक असती, तर निदान नमुना कसा घ्यावा आणि अधिकाऱ्यास कोणता प्रश्न विचारावा, हे तिने सांगितले असते. अडाण्यास नुसता दाखला मिळतो. जाणत्यास उत्तर द्यावे लागते.

आणि ही विद्या आमच्या हातास नवी नाही. तापल्या लोखंडाचा रंग पाहून पाणी केव्हा द्यावे हे लोहार जाणतो. लोखंड झटकन निवाले की आतील कर्बास निसटण्यास वेळ मिळत नाही, म्हणून धार कडक होते. एवढे कारण त्यास जोडले की झाले पदार्थविज्ञान. कुंभाराचा आवा, सोनाराची कसोटी, हीही शास्त्राचीच घरे. हात आमच्यापाशी आहेत, पुस्तक तेवढे मिळवावयाचे आहे.

ते मिळविण्यास पूर्वी लांब जावे लागे. 1923 साली निघालेले नागपूर विद्यापीठच वऱ्हाडचेही विद्यापीठ होते. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस शिवाजी शिक्षण संस्था उभारून शेतकऱ्याच्या पोरास कॉलेजचे दार दाखविले. 1 मे 1983 रोजी अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झाले. आज त्यास परीट घरात जन्मलेल्या संत गाडगेबाबांचे नाव आहे. ज्यांना शाळा मिळाली नाही, त्यांच्या नावाच्या विद्यापीठात आमची मुले दुय्यम समजून जावीत काय?

कोणी म्हणेल, "याने पोट भरते काय?" खरे सांगावे तर नुसत्या बी. एस्सी. च्या कागदाने भरत नाही. पाच वर्षांचा विचार करूनच या वाटेस लागावे. बी. एस्सी. नंतर 'जॅम' परीक्षा देऊन आय. आय. टी. त एम. एस्सी. करता येते, तेथे बारावीचा नीटचा नंबर कोणी विचारीत नाही. नेट-सेट देऊन प्राध्यापक, बी. एड. करून शिक्षक, औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेचे काम, अशा वाटा आहेत. फीसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या व राहण्याखाण्यासाठी पंजाबरावांच्या नावाची सरकारी योजना आहे. प्रवेश घेतानाच त्यांची चौकशी करावी.

मात्र कॉलेजातही सर्व आलबेल नाही. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तासावर नेमलेल्या माणसांवर गाडा चालतो, आणि काही ठिकाणी प्रयोग न करताच नोंदवही उतरवून त्यावर सही होते. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. मग कॉलेज निवडताना प्रयोगशाळा उघडून का पाहू नये? आठवड्यास किती प्रयोग होतात, शिकविणारे कायम आहेत काय, हे बापाने विचारावे, आईनेही विचारावे. विचारणारे दहा झाले की कुलपे आपोआप निघतात. मते मागण्यास येणाऱ्यासही रस्त्याबरोबर हा प्रश्न टाकावा.

म्हणून एवढेच सांगणे: यंदा बारावीचा निकाल लागला की एकर गहाण टाकण्यापूर्वी हा हिशेब एकदा घरात मोठ्याने मांडा. ज्या पोराला, ज्या पोरीला "असे का होते?" विचारण्याची खोड आहे, तिला बी. एस्सी. ला घाला आणि मान वर करून सांगा की आमचे मूल शास्त्र शिकते आहे.