दर्याच्या कमाईत घरच्या हातांचा वाटा

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथले पुरुष उन्हाळ्यात सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्या घेऊन तीस-चाळीस मैल आत समुद्रात जात आणि लांब दोरांना गळ लावून मासे धरत. शेत, गुरं, मुलं, म्हातारी माणसं सगळं बायकांवर. हे सगळं सांभाळताना त्या विणतही असत. पाठीवर जळणाची टोपली आणि चालता चालता हातात सुया. कमरेला घोड्याचे केस भरलेला चामडी पट्टा असे, त्याला भोकं पाडलेली असत. सुईचं एक टोक त्या भोकात रोवलं की हाताला आधार मिळे आणि वाट चालतानाही टाके पडत राहत.

जुन्या छायाचित्रांत हे दृश्य लोभस दिसतं. पण हा विरंगुळा नव्हता, त्यावर चूल पेटत होती. मासळीचा हिशेब व्यापाऱ्याकडे वर्षातून एकदा होई आणि समुद्राचा भरवसा कुणीच देऊ शकत नसे. २० जुलै १८८१च्या वादळात शेटलंडच्या दहा होड्या बुडाल्या, ५८ माणसं गेली, ३४ बायका विधवा झाल्या. कर्ता पुरुष गेलेल्या घरात विणकामाच्या कमाईला काय मोल असेल, हे वेगळं सांगायला नको.

ही कमाई तरी धड हाती पडत होती का?

उन्स्ट बेटावरच्या शाली इतक्या तलम की अंगठीतून ओढून काढता येत. त्यांच्या बदल्यात व्यापारी बहुधा रोख पैसे देतच नसत. चहा देत, कापड देत. १८७२च्या सरकारी चौकशीत या बायकांनी आपली कैफियत मांडली. घरात पीठ नाही म्हणून मिळालेला चहा शेजारीपाजारी देऊन पीठ आणावं लागतं, असं त्यांच्या साक्षींतून पुढे आलं. १८८७मध्ये मजुरी वस्तूंत देण्याला आळा घालणारा कायदा झाला, तरी प्रथा लगेच संपली नाही.

याच किनाऱ्यांवरच्या मुली हेरिंग मासळीच्या हंगामात धक्क्यावर कामाला जात. तिघींची टोळी असे. दोघी मासे साफ करत, तिसरी मिठाचे थर देऊन पिंपात रचे. सुरी आणि मीठ बोटांना लागू नये म्हणून त्या बोटांना सुती चिंध्या बांधत. होड्या यायला वेळ असला की इथंही विणकाम निघे. धक्क्यावरच्या कामाची मजुरी मात्र पिंपांच्या हिशेबाने, रोख मिळत असे. हात तेच, कष्ट तेच. घराबाहेर, सगळ्यांसमोर झालेलं काम मोजलं गेलं आणि घरातलं ‘फावल्या वेळातलं’ ठरलं. दर्या आणि घर यांचा मेळ बायकांच्या जिवावर बसवला जातो आणि हिशेबाच्या वहीत त्यांचं नाव येत नाही, ही खरी तक्रार आहे.

ही तक्रार महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही लागू पडते. वर्सोव्यापासून हर्णैपर्यंत होडी पुरुषांची आणि बाजार बायकांचा, अशी कोळी घरांची वाटणी आहे. जून-जुलैत ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा उन्हाळ्यात वाळवलेले बोंबील आणि सुकट विकून घर चालतं. ते बोंबील निवडणं, बांबूवर टांगणं, उतरवणं, पाटी घेऊन बाजार गाठणं यातलं बहुतेक काम बाईच करते.

सरकारी नोंद मात्र होडीभोवती फिरते. परवाना होडीचा असतो, डिझेलवरच्या कराचा परतावाही होडीलाच मिळतो. मासळी विकणारीला पदपथावर बसल्या जागेचीही शाश्वती नाही. म्हणून मासेमारीच्या प्रत्येक योजनेत विक्री आणि सुकवणी करणाऱ्या बाईची तिच्या स्वतःच्या नावाने नोंद व्हायला हवी. बंदीच्या काळात मदत द्यायची असेल तर ती तिच्या खात्यातही जायला हवी. बाजाराची नवी इमारत उभारताना ओटा, पाणी, बर्फ आणि स्वच्छतागृह यांची सोय आधी ठरावी आणि जुन्या विक्रेतींना जागा दिल्याशिवाय जुना बाजार पाडू नये. शेटलंडच्या बायकांना आपलं म्हणणं मांडायला १८७२ची चौकशी मिळाली. इथल्या कोळणींचं म्हणणं ऐकायला पालिका आणि मत्स्यव्यवसाय खात्याने त्यांना एकत्र बसवून घ्यावं आणि ते काम येत्या बंदीच्या आत पुरं करावं.