रुक्मिणीला कुणी पळवलं नव्हतं

पोरीचं लग्न जमत नाही? मग रुक्मिणी स्वयंवराचं पारायण करायला लावा! अमरावती-अकोल्याकडे हा सल्ला अजून जोरात आहे. पोरगी पुण्यात कोड लिहिते, फ्लॅटचे हप्ते स्वतः भरते, पण सुट्टीत घरी आली की एकनाथांची पोथी हातात ठेवली जाते. पोथीला माझा काडीचाही विरोध नाही. वाचाच. फक्त नीट वाचा ना राव.

कारण त्या गोष्टीतली पोरगी काय करते बघा. भावाने, म्हणजे रुक्मीने, शिशुपालाचं स्थळ पक्कं केलंय, वऱ्हाड कौंडिण्यपुरात उतरायच्या बेतात. ही गुपचूप एका ब्राह्मणाला द्वारकेला पाठवते. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिचा निरोप आहे, सात श्लोकांचा. त्यात नुसतं 'तू मला आवडतोस' नाही, अख्खा प्लॅन आहे : लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावाबाहेर गिरिजेच्या दर्शनाला येते, तिथून ने, म्हणजे अंतःपुरात शिरून माझ्या नातेवाइकांना मारायची वेळ येणार नाही. सैन्य घेऊन ये. राक्षसविधीने लग्न कर. कृष्णाला पडू शकणारी शंका तिने आधीच ओळखून उत्तर देऊन ठेवलंय! (आमच्याकडची अर्धी डिझाइन डॉक्युमेंट्स याहून कच्ची असतात.)

आणि आपण याला म्हणतो 'रुक्मिणीहरण'. हरण कसलं डोंबलाचं? जुने मराठी कवी तरी प्रामाणिक होते. महानुभाव कवी नरेंद्राने १२९२ साली आणि एकनाथांनी १५७१ साली नाव दिलं 'रुक्मिणी स्वयंवर'. राजेलोकांची सभा नाही, माळ नाही, तरी स्वयंवर. तिने निवडलं म्हणून.

रोमन महाकाव्याशी ताडून बघा. व्हर्जिलच्या 'एनिड'मध्ये लॅव्हिनिया आहे. तिच्यासाठी टर्नस आणि इनियस लढतात, मुडदे पडतात, आणि बारा सर्गांत ही बाई एक शब्द बोलत नाही. लाजते, रडते, बस्स. शेवटी अर्सुला ले ग्विनला २००८ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहून तिला बोलतं करावं लागलं. आपली रुक्मिणी मूळ गोष्टीतच बोलते. तिची लॅव्हिनिया आपण केली, घरोघरी, 'चांगलं स्थळ येऊ दे' म्हणत. तीच पोथी वाचून पोरीने स्वतःच एखादं नाव सांगितलं की मात्र घरात सुतक!

कुणी म्हणेल, एकनाथांना जीव-शिवाचं लग्न सांगायचं होतं. मान्य. पण त्या रूपकातही निरोप जीवच पाठवतो, जीवाचा भाऊ नाही.

सगळ्यात वाईट वाटतं ते महदंबेचं. हीच कथा तेराव्या शतकात एका बाईने गायली, तीही आपल्याच जिल्ह्यात, रिद्धपूरला, गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी. 'धवळे' म्हणजे लग्नातली गाणी. महदंबेला आद्य मराठी कवयित्री म्हणतात. त्याच रिद्धपुरात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. पण लग्नघरात विचारून बघा, डीजेवाल्याचा नंबर सगळ्यांकडे असतो, धवळे कुणाला ठाऊक नसतात.