राग खरा, निदान खोटे

‘एड्सचा विषाणू हे थोतांड आहे, माणसे मरतात ती गरिबीने आणि औषध कंपन्यांच्या विषारी गोळ्यांनी,’ असे सांगणारे लोक अजूनही भेटतात. हे विधान नफेखोरीविरुद्धच्या आपल्याच भाषेत केलेले असते. म्हणूनच एरवी बुवाबाजीविरुद्ध ठामपणे उभा राहणारा साथीही ते ऐकून क्षणभर थबकतो. या थबकण्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे दक्षिण आफ्रिकेने भोगले आहे.

तेथील जनतेच्या संशयाला आधार नव्हता असे नाही. वर्णद्वेषी राजवटीने रासायनिक व जैविक अस्त्रांचा गुप्त कार्यक्रम चालवला होता, हे १९९८ साली सत्य व सलोखा आयोगापुढे उघड झाले. त्याच वर्षी, स्वस्त औषधांची वाट मोकळी करणाऱ्या मंडेला सरकारच्या कायद्याविरुद्ध सुमारे चाळीस औषध कंपन्या न्यायालयात गेल्या होत्या. अशा देशात पाश्चात्त्य वैद्यकाविषयी राग असणे स्वाभाविकच होते.

परंतु राग खरा असला म्हणून निदान खरे ठरत नाही. अध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी २००० साली जी सल्लागार समिती नेमली, तीत एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच नाकारणाऱ्यांना मानाचे स्थान दिले. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबू यांची महती गात राहिल्या. आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणारे नेविरापिन हे औषध उत्पादक कंपनी पाच वर्षे विनामूल्य द्यायला तयार होती. सरकारने ते प्रत्येक प्रांतातील दोन प्रायोगिक केंद्रांपुरते कोंडून ठेवले. २००० ते २००५ या काळात या धोरणापायी ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसे अकाली गेली आणि सुमारे ३५ हजार बालके संसर्ग घेऊन जन्मली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली मांडला. मुक्तिलढ्यातून सत्तेवर आलेल्या सरकारच्या हातून, साम्राज्यशाहीविरोधाच्या नावाने हे घडले, हे आपण विसरता कामा नये.

या अंधारात वाट दाखवली ती ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या संघटनेने. १९९८ साली स्थापन झालेल्या या चळवळीचे नेते झॅकी अचमत स्वतः एचआयव्हीबाधित. सरकारी दवाखान्यात सामान्य माणसाला औषध मिळेपर्यंत आपणही ते घेणार नाही, हा निर्धार त्यांनी २००३ पर्यंत पाळला. औषध कंपन्यांच्या खटल्यात ही संघटना सरकारच्या बाजूने उभी राहिली. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांना माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी तिने नेविरापिनसाठी आपल्याच सरकारला न्यायालयात खेचले आणि जुलै २००२ मध्ये घटना न्यायालयात विजय मिळवला. कंपन्यांची लूट आणि सरकारचा अंधविश्वास या दोहोंशी एकाच वेळी लढता येते, हे तिने सिद्ध केले. वस्त्यावस्त्यांत कार्यकर्त्यांनी विषाणू म्हणजे काय, औषध कसे काम करते, हे साध्या भाषेत समजावले. लोकांना शहाणे करूनच लोकांचा लढा उभारला.

या कथेत मुंबईचाही वाटा आहे. श्रीमंत देशांत वर्षाला दहा हजार डॉलरहून महाग असलेला औषधोपचार फेब्रुवारी २००१ मध्ये येथील सिप्ला कंपनीने ३५० डॉलरमध्ये देऊ केला. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधांच्या वस्तूवर मक्तेदारी दिली नव्हती, म्हणून हे शक्य झाले. मक्तेदारीवरील खरा घाव तो हा. विषाणू नाकारून कोणत्याही मक्तेदाराचे काहीच बिघडत नाही. मरतो तो गरीब.

आपल्या गोटातील चूकही मान्य केली पाहिजे. एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत बनवला गेला, असे सांगणारे निनावी पत्र जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या डाव्या वळणाच्या दैनिकात छापून आले. ही कंडी पुढे सोव्हिएत हेरखात्याने जगभर पसरवली. परंतु किन्शासा येथे १९५९ साली घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यातही हा विषाणू आढळला आहे; तो आफ्रिकेतील चिंपांझींकडून माणसात आला. शत्रूवर केलेला आरोप म्हणून असत्य पवित्र होत नाही.

आज कार्यकर्त्यांचे काम स्पष्ट आहे. हा विषाणू स्पर्शाने, एकत्र जेवण्याने वा डासांमुळे पसरत नाही. नियमित औषधाने तो रक्तात सापडणार नाही इतका दबला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागत नाही. आपल्याकडे सरकारी केंद्रांत हे औषध २००४ पासून मोफत मिळते, आणि बाधितांशी भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. कुणी जडीबुटीच्या भरवशावर गोळ्या सोडायला सांगत असेल, तर त्याला भर सभेत अडवा. आणि केंद्रात गोळ्या संपल्या असतील, तर त्याच सभेचा मोर्चा करून तो आरोग्याधिकाऱ्याच्या दारी न्या.