चिप एक, कारखानाही एकच

एन्व्हिडिया आणि इंटेल यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये हातमिळवणी जाहीर केली. एन्व्हिडियाने इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर गुंतवायचे आणि दोघांनी मिळून संगणकांसाठी चिप विकसित करायच्या, असा हा करार. पण करारात जे नव्हते, ते अधिक बोलके होते. आपल्या चिप इंटेलच्या कारखान्यात बनवून घेण्याचा शब्द एन्व्हिडियाने दिला नाही. तिच्या अत्याधुनिक चिप बनतात त्या तैवानच्या टीएसएमसी या कंपनीत.

संगणक विकणारा आणि चिप बनवणारा यांचे नाते जुने आहे. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलची ८०८८ ही चिप निवडली. मात्र एकाच पुरवठादारावर विसंबायचे नाही, हा आयबीएमचा आग्रह होता. म्हणून इंटेलने १९८२ मध्ये एएमडी या कंपनीलाही आपल्या चिप बनवण्याचा परवाना दिला. एक अडला तर दुसरा तयार, असा साधा हिशेब त्यामागे होता.

आज तो हिशेब मोडला आहे. ॲपलचे उदाहरण घ्या. १९९१ मध्ये या कंपनीने आयबीएम आणि मोटोरोला यांच्याशी आघाडी केली, त्यातून पॉवरपीसी चिप आली. लॅपटॉपला हवी तशी वेगवान आणि कमी वीज खाणारी चिप मिळेना, तेव्हा २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी इंटेलकडे जाण्याची घोषणा केली. २०२० मध्ये ॲपलने इंटेलचीही साथ सोडायला सुरुवात केली आणि स्वतः आखलेली एम१ ही चिप आणली. आराखडा ॲपलचा असला, तरी ती बनते टीएसएमसीमध्येच. म्हणजे परावलंबन संपले नाही, त्याची फक्त जागा बदलली.

मग दुसरा कारखाना का धरत नाहीत? २०१५ च्या आयफोनसाठी ॲपलने ए९ ही चिप सॅमसंग आणि टीएसएमसी या दोघांकडून बनवून घेतली होती. काम तेच, पण दोन्ही चिपचा आकार वेगळा होता. कारण आराखडा ज्या त्या कारखान्याच्या निर्मितीप्रक्रियेनुसार नव्याने बेतावा लागतो. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जास्त जातात. पुढच्या वर्षीची ए१० चिप एकट्या टीएसएमसीकडे गेली.

याची जोखीम मोठी आहे. तैवान भूकंपप्रवण आहे आणि चीन त्यावर हक्क सांगतो. तुटवडा काय करतो, हे २०२१ मध्ये दिसले. स्वस्त, साध्या चिप मिळेनात म्हणून जगभरातील मोटार कारखाने थबकले. आपल्याकडेही नव्या गाडीसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागले.

गुजरातमधील धोलेरा येथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स तैवानच्या पीएसएमसीच्या साह्याने चिपचा कारखाना उभारत आहे. तिथे २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या तंत्राच्या चिप बनवण्याची योजना आहे. नव्या लॅपटॉपचा मेंदू त्यातून घडणार नाही. पण मोटारी आणि घरगुती उपकरणांना लागणाऱ्या चिप याच प्रकारच्या असतात. पुढचा कोणताही चिप-करार जाहीर झाला, की रकमेआधी एक प्रश्न विचारायला हवा : हा पुरवठादार अडला, तर दुसरा कोण?